झाडांची बाग, विषय आपण

आपल्याकडे वनस्पती उद्यानात झाडाला नुसतं झाड म्हणून उभं राहता येत नाही, काहीतरी पद घ्यावंच लागतं. नक्षत्रवनात रोहिणीला जांभूळ, पुष्याला पिंपळ, मृगाला खैर असं खातेवाटप झालेलं असतं आणि माणसं आत शिरतात ती थेट आपल्या नक्षत्राची पाटी शोधत. उत्तराषाढावाल्याला फणस मिळतो, तो खुशीत. अश्विनीवाल्याच्या वाट्याला काजरा येतो. त्याचं बी विषारी असतं हे कळल्यावर घरची मंडळी एकमेकांकडे अर्थपूर्ण बघतात. पुढच्या औषधी विभागात मधुमेहवाले एका वाफ्याशी, सांधेदुखीवाले दुसऱ्या. म्हणजे बाग वनस्पतींची, पण विषय आपणच. माझं म्हणणं एवढंच, की बागेला विषय द्यायचाच असेल तर तो तिथल्या जमिनीचा द्यावा. झाडाला बोलायला तेवढीच संधी मिळते.

हे पटत नसेल तर राजस्थानात सीकर रस्त्याने जयपूरकडे यावं. नाहरगडाच्या पायथ्याशी ६४ हेक्टरांवर पसरलेली किशनबाग २०२१च्या डिसेंबरात लोकांसाठी खुली झाली. तिथे मराठी पर्यटकाची पहिली पंचाईत होते ती बाग नेमकी सुरू कुठे होते, ही. हिरवळ नाही, त्यामुळे ‘हिरवळीवर बसू नये’ ही ओळखीची धमकीही नाही. वाळूच्या टेकड्या, वाऱ्यावर हलणारं गवत आणि त्यातून जाणारी लाकडी पायवाट. विभाग आहेत, पण ते पाडलेत खडक आणि माती बघून: वाळूतलं एकीकडे, ग्रॅनाइटच्या आधाराने जगणारं दुसरीकडे, अरवलीच्या उतारावरचा धोक वृक्ष तिसरीकडे. वाळूतली खेजडी म्हणजे आपलीच शमी. नक्षत्रवनात ती धनिष्ठेची असते, दसऱ्याला पूजेची. इथे मात्र ती भर उन्हाळ्यात हिरवीगार कशी राहते, मुळं किती खोल नेते, तिच्या कोवळ्या शेंगा सांगरी होऊन ताटात कशा येतात, हे विचारावंसं वाटतं. धनिष्ठावाल्याला शमीखाली स्वतःबद्दल कळतं. शमीबद्दल कळायचं तर वाळूतच उभं राहावं लागतं.

किशनबाग आखली प्रदीप क्रिशन यांनी. त्यांचं आधीचं काम जोधपूरला, मेहरानगडाशेजारच्या राव जोधा उद्यानात. बागेची सुरुवात रोपं लावून होते असा आपला समज. तिथे २००६ साली ती उपटण्यापासून झाली. सगळा खडक वेड्या बाभळीने गिळला होता. ही बाई परदेशातून आलेली. वरून छाटली की दुप्पट जोमाने फुटते, आणि मुळाशी जावं तर मध्ये ज्वालामुखीचा टणक खडक. शेवटी खाणीत दगड फोडणारे खंडवालिये बोलावले गेले. ते हातोड्याने खडक ठोकत, कान देऊन आवाज ऐकत आणि कुठे फोडायचं ते ठरवत. एवढी मेहनत हिरवं काढून टाकण्यासाठी! ‘जे हिरवं ते चांगलं’ म्हणणाऱ्या वृक्षारोपण समितीला हे ऐकून घेरीच यावी. पण ती बाभूळ हटली, तेव्हाच थोर, केर अशा तिथल्या मूळच्या झुडपांना जागा झाली.

यावर आक्षेप येणारच. पहिला, की आमिषाशिवाय लोक येत नाहीत. खरं आहे, नक्षत्राच्या निमित्ताने का होईना, माणूस खैराला खैर म्हणून ओळखतो हे नक्षत्रवनाचं पुण्य मान्य. फक्त उरलेल्या सव्वीस झाडांपुढून तो परक्याच्या लग्नातल्या पाहुण्यासारखा निघून जातो. दुसरा आक्षेप, की वाळवंटच बघायचं तर तिकीट कशाला? कारण मोकळ्या माळावर आपल्याला फक्त ‘काही नाही’ दिसतं. त्या ‘काही नाही’त काय काय आहे ते दाखवायला पायवाट आणि जाणता माणूस लागतो. तिसरा, की वर्षातले बरेच महिने ही बाग वाळलेलीच दिसते. दिसू दे, तोच तर तिथला मुख्य कार्यक्रम! आपल्या कासच्या पठाराचंही तेच आहे. कातळावर मातीचा पातळ थर, त्यात मोठं झाड तग धरत नाही, म्हणून तर पावसाळ्यात इवल्या फुलांचं फावतं. सप्टेंबरात तिथे फोटोवाल्यांची रांग लागते. मे महिन्यात त्याच उघड्या कातळाची सहल काढली, तर नावं फारशी येणार नाहीत. पण जे येतील, त्यांनाच सप्टेंबर कळेल.