दोन यू, एक मामा

आमच्या गंगाखेडात यंत्र ओरडलं तर कोणी दचकत नाही. इन्व्हर्टर दिवसभर कण्हत असतो, स्टॅबिलायझर टकटक करतो, टाकी भरली की बझर वाजतो, जीप मागे घेतली की तिचं गाणं लागतं. कान इतके निर्ढावलेत की खरंच काही बिघडलं तर यंत्राला हलगी वाजवत यावं लागेल. त्यामुळे मामांच्या फोटो स्टुडिओतल्या सर्व्हरला धोक्याचा इशारा द्यायला शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा त्यातलं निम्मं तांत्रिक होतं आणि निम्मं समाजकार्य.

लग्नसराईत मामांकडे एकेका लग्नाचे शेकडो जीबी साठतात. हळद, वरात, ड्रोन आणि गोदावरीच्या घाटावरचं प्री-वेडिंग. हे सगळं जपायला चार-चार टीबीच्या दोन हार्ड डिस्क लावून लिनक्सवर सॉफ्टवेअर रेड बांधलं. जे पहिलीवर लिहायचं तेच दुसरीवर. मामांनी बिल पाहिलं.

"पैसे आठाचे आन् जागा चारचीच? कामून?"

मी त्यांना पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलीच्या तिघांनी १९८८ साली मांडलेला हिशेब सांगितला. एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कांचा जथा बांधा. पण डिस्का वाढल्या की त्यातली एखादी लवकर मरणारच, तेव्हा थोडी जागा जादा धरा. मामा म्हणाले, "तिघांपैकी एकाचं तरी दुकान होतं का?"

शेवटी जनाबाई मदतीला आली. ती आमच्याच गावची. नामदेवांच्या घरी ती दळायला बसायची आणि विठ्ठल येऊन जात्याच्या खुंट्याला हात लावायचा, ही कथा मामांना पाठ. मी म्हणालो, "घरच्यांना पीठ मिळत होतं, जातं कोण ओढतंय हे कोणी बघितलं? रेडचं तसंच. एक डिस्क गेली तरी दुसरी काम ओढते, दुकानात कुणाला पत्ता लागत नाही."

मामांना पटलं. नको तेवढं पटलं. "मग मागं विठ्ठल उभाच आहे की. काळजी कशाची?"

काळजी अशी की हा विठ्ठल त्याच दुकानातून, त्याच दिवशी, त्याच पावतीवर आणलेला. पहिली डिस्क गेल्याचं कळलंच नाही, तर दुसरी जाईपर्यंत सगळं झकास चाललेलं असतं.

यावर पहारा ठेवतो तो एमडीएडीएम, नील ब्राउन या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरनं लिहिलेला. डिस्क पडली की तो ईमेल धाडतो. मजकूर अगदी सरकारी वळणाचा: हा संदेश आपोआप तयार झाला आहे, अमुक ॲरेमध्ये बिघाड आढळला, आणि खाली चक्क 'आपला विश्वासू, वगैरे'. 'वगैरे'सकट! पण अनेक मशीनवर हे पत्र मुळातच 'रूट'च्या नावे जातं, आणि रूट म्हणजे त्याच मशीनचा कारभारी. मशीन आजारी पडतं, स्वतःलाच अर्ज लिहितं, तो स्वतःच्याच टपालपेटीत टाकतं आणि गप्प बसतं. रीतसर कारवाई झाली.

अर्ज मामांच्या ईमेलवर वळवावा, तर तो ईमेल मोबाईल विकणाऱ्या पोरानं उघडून दिलेला. पासवर्ड त्या पोरालाच ठाऊक. एमडीएडीएमच्या सेटिंगमध्ये 'प्रोग्राम' अशी एक ओळ असते, तिथं हवी ती स्क्रिप्ट जोडता येते. ती जोडून इशारा माझ्या फोनवर आणला आणि चाचणीचा संदेश घरच्या ग्रुपवर टाकला: 'डिस्क फेल.' मावशीनं विचारलं, "कोणत्या विषयात?" परळीच्या काकांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली आणि त्यांच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या मामांनी ग्रुप म्यूट केलेला.

जमलं ते वेगळंच. एमडीस्टॅट नावाची फाईल उघडली की कंसात दोन यू दिसतात: [यूयू]. डिस्क पडली की तिच्या यूच्या जागी नुसती रेघ: [यू_]. हे मामांना पाहताक्षणी कळलं. तेव्हापासून सकाळी गणपतीला अगरबत्ती ओवाळायची, तीच मॉनिटरला ओवाळायची, दोन्ही यू आहेत ना बघायचं आणि मगच शटर पूर्ण वर.

एका सकाळी मामांचा फोन आला. "एक गेला."

माझ्या पोटात गोळा आला. "कोण?"

"उजवा."

परभणीहून नवी डिस्क आणली, या खेपेला मुद्दाम दुसऱ्या कंपनीची. सगळं तिच्यावर उतरायला सात-आठ तास; टक्का दशांशानं सरकत होता. अल्बम न्यायला आलेली गिऱ्हाइकं खुर्च्या ओढून बसली. चहावाला दर फेरीला "कुठवर आलं?" विचारून जायचा. ऐंशीच्या पुढं गेलं आणि लाईट गेली. इन्व्हर्टर कण्हायला लागला तसं अख्खं दुकान त्याच्याकडे बघत राहिलं. टिकला बिचारा.

संध्याकाळी पुन्हा दोन यू आले. मामा पेढे मागवतील असं वाटलं होतं, पण त्यांनी उधारीची वही काढली. इतक्या जिवापाड वाचवलेल्या लग्नांपैकी निम्म्या पार्ट्यांनी राहिलेले पैसे दिलेच नव्हते. बराच वेळ वही चाळून त्यांनी मान वर केली.

"तो तुझा विश्वासू हाय ना, त्याला डिस्कच्या जागी नवरदेवाचं नाव घालून पत्र लिहायला लावता येतं का, बघ बरं. 'वगैरे' राहू दे."