तापाला मंजुरी

सरकारी कर्मचाऱ्याचा ताप थर्मामीटरवर चढून भागत नाही, तो फायलीवरही चढावा लागतो. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे आजार काय आणि किती दिवस चालेल, हे डॉक्टरने प्रमाणपत्रात लिहायचे. साहेबांना शंका आली, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत मागवता येते. एवढे करून प्रमाणपत्र मिळाले म्हणजे रजेचा हक्क मिळाला, असेही नाही. बरे झाल्यावर पुन्हा बरे असल्याचा दाखला! बरं, हे सगळे निदान नियमात तरी आहे. पण त्या कागदावरची मूळव्याध आवक-जावक टेबलावरून कँटीनपर्यंत कोणत्या नियमाने पोचते? साहेब, शंका खुशाल घ्या. फक्त प्रमाणपत्र बंद पाकिटात ठेवा.