एकांताचं भाडं

अंदमानला जायचं ठरलं की मराठी घरात विमानाच्या तिकिटावरून फारसं भांडण होत नाही. तिकीट महाग असतं, ते सगळ्यांनाच महाग असतं, विषय मिटला. खरा वाद पेटतो तो राहायचं कुठे यावरून. एक पक्ष पोर्ट ब्लेअरचा, म्हणजे गावातल्या समुद्राचा. दुसरा हॅवलॉकचा, म्हणजे समुद्रातल्या गावाचा. आमच्या घरी पहिल्या पक्षात मी आणि आत्या, दुसऱ्यात ही आणि मुलगी. मतं समसमान पडली. अशा वेळी निकाल कोणत्या बाजूने लागतो ते संसारी वाचकांना सांगायला नको, पण तो लागेपर्यंत जी चर्चा झाली तिच्यात बरंच काही होतं.

आधी नावांचं सांगून टाकतो. हॅवलॉकचं स्वराज द्वीप २०१८ साली झालं आणि पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम २०२४ साली. सहलीच्या माहितीपत्रकात आता दोन्ही नावं शेजारीशेजारी असतात. त्यामुळे आमच्या एका शेजाऱ्यांना आपण चार ठिकाणं बघणार आहोत असं बरेच दिवस वाटत होतं. आत्याने हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. ती सगळ्या अंदमानालाच ‘काळं पाणी’ म्हणते.

पोर्ट ब्लेअरच्या बाजूने बोलायचं तर कॉर्बिन्स कोव्हपासून सुरुवात करावी लागते. गावापासून सहा-सात किलोमीटरवर अर्धचंद्रासारखा वळलेला छोटा किनारा. मागे नारळांची रांग, वाटेवर दुसऱ्या महायुद्धातले जपानी बंकर, कारण १९४२ ते १९४५ ही बेटं जपान्यांच्या ताब्यात होती. वाळूत मगरींपासून सावध राहण्याची पाटी, आणि पाटीच्या पुढ्यात नारळपाणी पीत उभं असलेलं कुटुंब. इथल्या हॉटेलाच्या खिडकीतून समुद्र दिसतो आणि दारातून रिक्षा मिळते. ॲबर्डीन बाजारात औषधाचं दुकान आहे, एटीएम आहे, आणि चपलेचा अंगठा तुटला तर तो शिवून देणाराही मिळेल. आत्याची हॉटेल पारखायची एकच कसोटी आहे. ती विचारते, “रात्री अकराला पोटात दुखायला लागलं तर?” या कसोटीला पोर्ट ब्लेअर उतरतं, कारण मोठं सरकारी रुग्णालय तिथेच आहे. हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण दुखणं जास्त निघालं तर शेवटी पोर्ट ब्लेअरच गाठावं लागतं.

“अहो, पण आपण पोटात दुखायला चाललोय का?” हा हिचा प्रश्नही बिनतोड होता.

हॅवलॉकच्या पक्षाकडे मुद्दे कमी आणि फोटो जास्त असतात. लाकडी कॉटेज, तीन पायऱ्या, चौथं पाऊल वाळूत. समोर पाणी, आणि त्याचा रंग असा की छापणाऱ्याने शाई जास्त वापरली असावी असा संशय यावा. संशय खोटा आहे, पाणी खरंच तसं आहे. पश्चिमेकडचा राधानगरचा किनारा बघितला की ‘टाइम’ने २००४ साली त्याला आशियातला सर्वोत्तम का म्हटलं ते कळतं. लांबच लांब पांढरी, पिठीसारखी वाळू आणि तिच्या काठापर्यंत आलेलं उंच झाडांचं रान. तिथे हॉटेलांची रांग नाही. झाडी संपते आणि वाळू सुरू होते, एवढंच. या मुद्द्यावर मी घरात गप्प बसलो.

पण फोटोत काही गोष्टी येत नाहीत. पहिली म्हणजे सँडफ्लाय. डोळ्याला जेमतेम दिसणारी ही माशी वाळूत पसरलेल्या माणसाला चावते. चावताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी कळतं आणि मग खाजवण्याचं काम पुढे कितीतरी दिवस पुरतं. अंगाला खोबरेल लावून बसा, असं तिथले लोक सांगतात. म्हणजे मोठं भाडं भरून, अंगाला खोबरेल थापून, एकांतात बसायचं. आत्या म्हणाली, “हे तर मी गुहागरला फुकट करते.”

फोटोत न येणारी दुसरी गोष्ट ओहोटी. हॅवलॉकची बरीचशी हॉटेलं पूर्वेकडच्या किनाऱ्यावर, विजयनगरच्या बाजूला आहेत. तिथला समुद्र उथळ. ओहोटी लागली की पाणी लांबवर मागे जातं आणि खाली मेलेल्या प्रवाळाचे खडक, शेवाळ, डबकी आणि त्यांत फिरणारे खेकडे उघडे पडतात. दिसायला ते फार सुंदर असतं, पण पोहायला तिथे काही उरत नाही. फोटो अर्थातच भरतीचा असतो. त्यातही मौज अशी की हौशी मंडळी चांदण्यासाठी मुद्दाम पौर्णिमा गाठून जातात, आणि पौर्णिमा-अमावस्येलाच उधाण असल्याने पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. चांदणं पुरेपूर मिळतं, फक्त समुद्र जागेवर सापडत नाही.

कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित आत्याला पाढ्यांइतकं पाठ आहे. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. हे गणित कोकणच्या किनाऱ्याचं. बंगालच्या उपसागरातल्या बेटावर ते जसंच्या तसं चालत नाही, कारण प्रत्येक किनाऱ्याला भरती आपापल्या वेळी पोहोचते. पण भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे तिथेही खरंच. एक दिवस वेळ टिपून ठेवली की पुढचे दिवस आपल्याला सांगता येतात. स्वागतकक्षातल्या बंगाली पोराला आत्याने “आज तिथी कोणती रे?” असं मराठीत विचारलं, तेव्हा त्याने अतिशय नम्रपणे वायफायचा पासवर्ड लिहून दिला.

हो, वायफाय आहे. चेन्नईहून समुद्राच्या तळातून टाकलेली सुमारे २३०० किलोमीटरची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली आणि ती पोर्ट ब्लेअरला थांबली नाही, हॅवलॉकपर्यंतही गेली. त्याआधी सगळा भार उपग्रहावर होता. एखादा फोटो पाठवायला लावून अंघोळीला जावं आणि परत यावं तरी तो वाटेतच असे. ते खरे एकांताचे दिवस. आता माणूस निर्जन बेटावर पोहोचला की पहिल्या दहा मिनिटांत आपण निर्जन बेटावर असल्याचं शंभर जणांना कळवतो, आणि मग त्या शंभर जणांची उत्तरं वाचत बसतो.

तसं हॅवलॉक निर्जन कधीच नव्हतं. २०११ च्या जनगणनेत तिथली वस्ती सहा हजारांच्या घरात होती. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना १९५० च्या दशकात इथे जमिनी देऊन वसवलं. म्हणून गावांची नावं गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी. गोविंदनगरच्या बाजारात सकाळी मासळी असते, भाजी असते, बंगाली मिठाई असते, शाळेला निघालेल्या पोरांच्या सायकली असतात. जाहिरातीतल्या निर्मनुष्य बेटाच्या मधोमध हे एवढं चालतं-बोलतं गाव आहे, आणि मला विचाराल तर हॅवलॉकमधली सर्वांत रमण्यासारखी जागा हीच. निळ्या पाण्याकडे माणूस किती वेळ बघणार? मासे विकणाऱ्या बाईकडे तासभर बघता येतं.

एकांताची खरी परीक्षा संध्याकाळी होते. अंदमान मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ वीस रेखांश. घड्याळ मात्र देशभर एकच. त्यामुळे डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. आपली चहाची वेळ आणि सूर्यास्त एकदमच. राधानगरला सूर्य समुद्रात गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग परतीची धांदल, दहा-बारा किलोमीटरचा काळोखातला रस्ता, आणि कॉटेजवर येऊन घड्याळात पाहावं तर सहा. जेवण आठला. हे दोन तास म्हणजे एकांताचा मूळ गाभा. त्यातच माणसाला कळतं की आपण शांतता शोधत होतो की फक्त ऑफिसातून सुटका. पोर्ट ब्लेअरमध्ये हे दोन तास बाजारात कसे जातात ते समजतही नाही.

मराठी माणूस या संकटावर फार लवकर तोडगा काढतो. जेवणाच्या हॉलमध्ये शेजारच्या टेबलावर कुणी “जरा मीठ दे गं” म्हणालं की काम झालं. “तुम्ही पुण्याचे का?” “नाही, साताऱ्याचे, पण थोरली बहीण पुण्यात दिलीय.” दुसऱ्या दिवशी दोन टेबलं जोडली जातात, तिसऱ्या दिवशी भडंगाचा आणि आलेपाकाचा डबा निघतो, भेंड्या सुरू होतात. एकांतासाठी स्वतंत्र पैसे भरलेली चार कुटुंबं सगळ्यांत लांबच्या कॉटेजच्या पायऱ्यांवर गर्दी करून बसतात. तो आनंद खरा असतो. फक्त तो कॉर्बिन्स कोव्हच्या हॉटेलात स्वस्तात मिळाला असता, हे त्या वेळी बोलायचं नसतं. मी बोलून पाहिलं.

आणि मराठी सहलीत सेल्युलर जेल टळत नाही, टळूही नये. १९०६ साली पूर्ण झालेल्या या तुरुंगाला मधल्या मनोऱ्यापासून निघणाऱ्या सात शाखा होत्या, आज त्यांतल्या तीन उभ्या आहेत. बांधणी अशी की एका शाखेतल्या कोठड्यांची दारं समोरच्या शाखेच्या पाठीकडे उघडतात. कैद्याला समोर दुसऱ्या कैद्याचा चेहराही दिसू नये. एकेका माणसाला एकेक कोठडी, साधारण साडेचार मीटर लांब आणि पावणेतीन मीटर रुंद, उंचावर एक झरोका. १९११ ते १९२१ या काळात सावरकर इथे होते, आणि त्यांच्या कोठडीच्या दारात आपली मंडळी चपला काढून उभी राहतात. ज्या बेटांवर इंग्रजांनी एकांताची शिक्षा केली, तिथेच आपण एकांताचं रात्रीमागे भाडं भरतो आहोत, हा विचार तिथे मनात आल्यावाचून राहत नाही. तिथून बाहेर पडल्यावर हॉटेलाच्या खोलीतून समुद्र पूर्ण दिसतो की अर्धाच, याबद्दल तक्रार करायला निदान त्या दिवशी तरी जीभ उचलत नाही. आमच्या गटात ती रात्रीपर्यंत उचलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला पोहे नव्हते, तेव्हा उचलली.

तर निवड काय करावी? माझं मत असं की ज्याला सकाळी वर्तमानपत्र आलं नाही तर चुकल्यासारखं होतं, ज्याला संध्याकाळी चार माणसं बघितल्याशिवाय जेवण जात नाही, त्याने बिनदिक्कत शहरातल्या समुद्राकाठी राहावं आणि त्याबद्दल ओशाळू नये. आपल्यातले बहुतेक असेच असतात. आपल्याला शांतता हवी असते ती हाकेच्या अंतरावरची. ज्या दोघांना एकमेकांशी बोलायचं खरोखर बाकी आहे, किंवा न बोलताही चालतं, त्यांनी बेटावर जावं. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनीही जावं, कारण मुलांना डबक्यातला एक खेकडा सकाळभर पुरतो. शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे मात्र त्यांना तिथेच ठेवायला शिकवा. प्रवाळ आणि कित्येक जातींचे शंख उचलून आणायला कायद्याने बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं.

घरातला निकाल शेवटी कुणाच्याच बाजूने पूर्ण लागला नाही, आणि आता कुणी विचारलं तर मी तोच बेत सांगतो. उतरल्यावर पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, म्हणजे सेल्युलर जेल पाय थकायच्या आधी होतो. मधल्या रात्री हॅवलॉक. बुकिंग करताना हॉटेल कुठल्या किनाऱ्यावर आहे ते विचारा आणि कालनिर्णय उघडून तिथी बघा. बोट लागत असेल तर आलेपाक मोठ्या बॅगेत ठेवू नका, ती बॅग बोटीत आपल्याजवळ नसते. आणि परतीच्या आदली रात्र काहीही झालं तरी पुन्हा पोर्ट ब्लेअरलाच काढा. डिसेंबर २०१६ मध्ये हवा बिघडून बोटी बंद पडल्या, तेव्हा हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. बेटावरून विमानतळाला रस्ता नाही.