उजेडराव

उजेडरावांची गाडी सोसायटीच्या फाटकातून आत शिरली की पहिल्या मजल्यावरच्या आजी पडदा ओढून घेतात, पार्किंगमधलं मांजर पाण्याच्या टाकीमागे पळतं आणि वॉचमन एका हाताने डोळे झाकून दुसऱ्याने सलाम ठोकतो. उजेडरावांना यातला सलाम तेवढा दिसतो. पाळण्यात त्यांचं नाव वेगळं ठेवलं होतं म्हणे, पण ते आता मेंटेनन्सच्या पावतीपुरतंच उरलंय.

गंमत अशी, की घरात हाच माणूस अंधाराचा उपासक. खोलीतून कुणी बाहेर पडलं की उजेडराव मागोमाग जाऊन बटण बंद करतात. कधीकधी माणूस अजून खोलीत असतानाच करतात. जिन्यातला दिवा रात्री अकरानंतर जळू नये, असा ठराव त्यांनीच सोसायटीत मांडला. वहिनी बिचाऱ्या ओट्यावरच्या मिणमिणत्या बल्बखाली तांदूळ निवडतात. "अहो, खडा दिसत नाही," म्हणाल्या तर उत्तर ठरलेलं: "मीटर पळतंय." गाडीला मीटर नाही. म्हणजे किलोमीटरचं आहे, पण दिव्यांचं नाही, आणि तिथेच सगळा घोळ आहे.

गाडी घेतली त्याच आठवड्यात ते मला नाना पेठेत घेऊन गेले. कंपनीने दिलेले दिवे त्यांना अपमानास्पद वाटत होते. दुकानदाराने गिऱ्हाईक ओळखलं. त्याने शंभर-नव्वदचा बल्ब काढला. हेडलाईटचा साधा बल्ब साठ-पंचावन्न वॅटचा असतो. हा त्याचा मोठा भाऊ. रस्त्यावर चालवायला परवानगी नाही, हे दुकानदाराने सांगितलं, पण आवाज असा, की जणू ती बल्बची एक जादा खुबी आहे. मग वेगळा रिले, नवं वायरिंग, टपावर एलईडीची पट्टी, आणि शेवटी बंपरमध्ये मूळच्या फॉगलाईटच्या जागी पिवळेजर्द नवे. "पिवळा धुकं कापतो साहेब," दुकानदार म्हणाला. उजेडरावांनी हे वाक्य तिथल्या तिथे पाठ केलं आणि तेव्हापासून ते स्वतःच्या संशोधनासारखं सांगतात.

खरं तर पिवळा काही कापत नाही. धुक्याचा थेंब आपल्या डोळ्याला बारीक, पण प्रकाशाच्या लहरीच्या मानाने चांगलाच ढब्बू असतो. तो सगळ्या रंगांना सारखंच उधळून देतो. धुकं पांढरं दिसतं ते त्यामुळेच. पिवळ्याने काहींच्या डोळ्यांना जरा कमी त्रास होतो, इतकंच. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांचे हेडलाईटच पिवळे असायचे, पुढे त्यांनीही ते सोडून दिलं. हे मी उजेडरावांना एकदा सांगितलं. "म्हणूनच तर ते मागे पडले," ते म्हणाले.

फॉगलाईटचं काम मोठं नाही, पण नेमकं आहे. तो बंपरमध्ये खाली बसवतात, कारण त्याने वर बघायचंच नसतं. त्याचा झोत आडवा, पसरट आणि वरून सुरीने कापल्यासारखा सपाट. समोरच्या चार हातांवरचा रस्ता आणि दोन्ही कडा दाखवायच्या. लांबचं दाखवण्याची त्याची ऐपत नाही आणि त्याच्याकडून अपेक्षाही नाही. धुक्यात आधीच तुम्ही रांगत असता, तेवढ्या वेगाला तेवढा उजेड पुरतो. आता हा दिवा उजेडरावांनी कर्वे रस्त्यावर लावला, चांदणं पडलेल्या कोरड्या रात्री, आणि वर शंभर-नव्वदचा अप्पर मारून. शिवाय दिव्यांची तोंडंही त्यांनी पानाने दोन बोटं वर करून घेतलेली, "लांब पडायला पाहिजे" म्हणून. समोरून येणारा स्कूटरवाला डिपर देतो, विनवणी करतो, शेवटी पाय टेकून बाजूला उभा राहतो. उजेडराव खूश. "बघा, वाट दिली."

हवामान खात्याच्या हिशेबाने समोरचं हजार मीटरपेक्षा कमी दिसायला लागलं, तर त्याला धुकं म्हणायचं. कोथरूडात तसं होतं ते वर्षातल्या मोजक्या हिवाळी पहाटे, आणि तेव्हा उजेडराव झोपलेले असतात.

हा एकटा इसम असता तर मी लिहायला बसलोच नसतो. पण द्रुतगती मार्गावर भाताणच्या बोगद्यात शिरून बघा. अर्ध्या गाड्यांची पार्किंग लाईट टकाटक सुरू होते. चारही इंडिकेटर एकदम लागल्यावर हा डावीकडे वळणार, उजवीकडे सरकणार की जागीच बंद पडलाय, हे मागच्याने पंचांग बघून ठरवायचं. ती बत्ती उभ्या राहिलेल्या, अडचणीतल्या गाडीसाठी असते. आपल्याकडे ती पाऊस आला की, बोगदा आला की, आणि चौकात सरळ जायचं असलं तरी लागते. डावं नाही, उजवं नाही, म्हणून दोन्ही.

उजेडरावांचा भाचा स्टुटगार्टला असतो. दिवाळीत आला होता तेव्हा त्याने मामांना तिकडचा नियम सांगितला: धुक्याने समोरचं पन्नास मीटरच्या आत आलं तरच मागचा लाल फॉगलाईट लावायचा, आणि मग वेगही पन्नासच्या वर न्यायचा नाही. मामांनी विचारलं, पन्नास मीटर मोजणार कोण, टेप घेऊन उतरायचं का? भाचा म्हणाला, हमरस्त्याच्या कडेला पन्नास-पन्नास मीटरवर खुंट रोवलेले असतात; पुढचा खुंट दिसेना झाला की समजायचं. मामा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, पटलं. मग म्हणाले, "एवढे खुंट रोवण्यापेक्षा दिवे नसते का लावले?"

भाद्रपदात ते चिपळूणला गणपतीला जातात. एका वर्षी मलाही नेलं. ताम्हिणीने जाऊ म्हटलं तर म्हणाले, "फॉगलाईट घेतलेत कशाला? आंबेनळीने जाऊ." महाबळेश्वर सोडलं आणि प्रतापगडाचा फाटा यायच्या आतच खाली वाट बघत बसलेलं धुकं अंगावर आलं. बॉनेटच्या पुढे जग नव्हतं. वहिनी मागे अथर्वशीर्ष म्हणू लागल्या. उजेडराव मात्र खुलले. इतक्या वर्षांनी बोलावणं आलं होतं! त्यांनी अप्पर मारला, टपावरची पट्टी लावली, दांड्यावरची कडी दोनदा फिरवून डॅशबोर्डवर एक हिरवं आणि एक केशरी चिन्ह उजळवलं, आणि शेवटी लाल त्रिकोण दाबून पार्किंग लाईटही लावली.

आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. लावू तितका उजेड थेंबांवर आपटून आमच्याच तोंडावर परत येत होता. टपावरच्या पट्टीने तर कहरच केला. तिचा झोत आमच्या डोळ्यांच्या ओळीतूनच पुढे जाणारा, त्यामुळे काचेला लागूनच दूध सांडल्यासारखं झालं. इंडिकेटरच्या तालावर ती भिंत केशरी होत होती आणि पुन्हा पांढरी होत होती. उजेडराव स्टिअरिंगवर छाती टेकून बसले आणि पाच मिनिटांत त्यांनी निष्कर्ष काढला: "कुचकामी आहेत हो हे फॉगलाईट. काही फरक पडत नाही." असं म्हणून त्यांनी सगळ्या दिव्यांतले नेमके पुढचे फॉगलाईट तेवढे बंद केले.

वळणावर समोरून दोन मंद डोळे वर चढत आले. महाडहून साताऱ्याला निघालेली एस.टी. होती. डिपरवर, कडेच्या पट्ट्याला धरून, घाई नाही, घाबरणं नाही. आमच्या बाजूला येऊन ती थांबली आणि दोन्ही ड्रायव्हरांच्या खिडक्या समोरासमोर आल्या. वरच्या खिडकीतून तंबाखूचा वास आणि एक शांत चेहरा बाहेर आला.

"दादा, वरचं बंद करा. टपावरचंबी. खालचं तेवढं ठिवा."

"अहो पण मग दिसणार कसं?"

"आत्ता दिसतंय व्हय?"

उजेडराव यावर काही बोलले नाहीत. "आन् ते पार्किंग कशाला? कुठं वळनार ते कळंना मला. डावा पट्टा धरा न् उतरा सावकाश. मागचं लाल हाय ते राहू द्या घाटात, मागून ठोकनार न्हाई कुनी." एवढं बोलून एस.टी. निघून गेली. या माणसाने रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याची जागा चार वाक्यांत सांगितली, तीही पहिल्या गिअरवर.

उजेडरावांनी एकेक बटण बंद केलं. अप्पर गेला, पट्टी गेली, टकटक थांबली. पानाने वर केलेली फॉगलाईटची तोंडं नुकत्याच झालेल्या सर्व्हिसिंगमध्ये कुणा मेकॅनिकने न विचारता खाली केली होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. देव त्या मेकॅनिकचं भलं करो. कडी फिरवली आणि बंपरच्या पुढे पिवळसर पंखा उघडला. ओलं डांबर, कडेचा पांढरा पट्टा, मग कठड्याचे काळे-पांढरे दगड, एकामागून एक. फार नाही, आठ-दहा पावलांचा रस्ता. पण तो रस्ता होता. वहिनींचं अथर्वशीर्ष फलश्रुतीशी येऊन थांबलं.

दोन वळणं गेल्यावर उजेडरावांची पाठ पुन्हा सीटला टेकली. "बघितलंत?" ते म्हणाले. "म्हटलं नव्हतं? पिवळा धुकं कापतो."

पोलादपूरला खाली उतरलो तेव्हा ऊन पडलं होतं. रस्ता कोरडा, आकाश निळं, डॅशबोर्डवर केशरी चिन्ह तसंच. मागचा फॉगलाईट ब्रेकलाईटइतका तेज असतो. तो सतत जळत राहिला की गाडी ब्रेक मारतेय की नुसतीच चाललीय, हे मागच्याला पटकन उमगत नाही. घाटाच्या शेवटापासून एक लहान गाडी आमच्या मागे होती. ती दचकून हळू होत होती, पुन्हा जवळ येत होती, पुन्हा दचकत होती. आम्ही चहाला टपरीवर थांबलो तर तीही थांबली. तिच्यातून एक तरुण उतरला, डोळे चोळत आला आणि फार नम्रपणे म्हणाला, "काका, तुमचा मागचा लाल दिवा चालू राहिलाय. धुकं तर केव्हाच संपलं."

उजेडरावांनी बशीतला चहा संपवला. त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"गाडीबरोबर आलाय तो," ते म्हणाले. "कंपनीने पैसे मोजून घेतलेत त्याचे. बंद ठेवायला?"