घरासमोरच्यांनाच विचारा

शब्द म्हणजे काय हे सांगायला भाषाशास्त्रज्ञ कशाला हवा? दोन मोकळ्या जागांमध्ये बसतो तो शब्द! मग ‘घरासमोरच्यांनाच’ हा मराठीत एक शब्द झाला. हिंदीत तेच म्हणायला ‘घर के सामने वालों को ही’ असे सहा मोजावे लागतात. समोरचे बिऱ्हाड तेच, त्यांच्यावरची खोच तीच, हिशेब मात्र सहापट. बरे, हिंदीचे तरी एक धोरण आहे का? ‘राम ने’ तोडायचे आणि ‘उसने’ जोडायचे! मोडी लिहिणारे कारकून तर शब्दांमध्ये जागा सोडतच नसत; म्हणून पेशव्यांचे पत्र काही एकशब्दी ठरत नाही.

‘जागेचे सोडा, एकटा उभा राहतो तो शब्द,’ असे कोणी म्हणेल. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ब्लूमफील्डने 1933च्या आपल्या ग्रंथात साधारण हीच कसोटी लावली आहे: सुटे उच्चारता येईल असे लहानात लहान रूप. ‘आणि’ तीत पास होतो; कुचाळक्या रंगात आल्या की ऐकणारा नुसते ‘आणि?’ एवढेच म्हणतो. ‘च’ नापास, तेही ठीक. पण ‘घरासमोर’चे काय करायचे? ‘समोर’ स्वतंत्र, ‘घरा’ परतंत्र. ‘घराच्या अगदी समोर’ म्हणता येते, म्हणजे सांधा जरा सैलच; ‘घरात’मध्ये मात्र तो ‘अगदी’ घुसवून दाखवा. आणि ‘चहाबिहा’तला नुसता ‘बिहा’ कोणत्याही हॉटेलात मिळत नाही.

पाणिनीची व्याख्या अधिक चोख आहे: नामाचा किंवा क्रियापदाचा प्रत्यय ज्याच्या शेवटी, ते पद. आता अव्ययांना प्रत्यय दिसतच नाही, त्यांचे काय? पाणिनीने तो कागदोपत्री लावला आणि कागदोपत्रीच त्याचा लोप केला. अव्यय होते तसेच राहिले, पद मात्र मिळाले. एवढी सफाई आजच्या सरकारी खात्यांनाही साधलेली नाही.

म्हणजे शब्द नावाची वस्तूच नाही का? आहे, पण एक नाही. लिहिण्याचा शब्द वेगळा, उच्चाराचा वेगळा, व्याकरणाचा वेगळा, कोशातला वेगळा. एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजले की भांडण लागते. संगणक बिचारा फक्त मोकळ्या जागा ओळखतो आणि संपादक त्याच्यावर विश्वास ठेवतात. तेव्हा संपादकांना विनंती एवढीच, की मराठी लेखाची मर्यादा शब्दांत न देता पानांत द्यावी. आणि मानधन शब्दांवरच ठरणार असेल, तर ‘ला’, ‘ने’ आणि ‘च’ सुटे लिहायची परवानगी आधीच द्यावी.