गाडी यायची आहे, विमा सुरू झाला

इलेक्ट्रिक मोटार बुक केलेला माणूस पुण्यात लांबूनही ओळखू येतो. पंपावर तो टाकी फुल करत नाही, पाचशेचंच टाकतो. ‘कशाला उगीच, नवी येतेच आहे,’ असं पंपावरच्या पोराला सांगतो. पोराने काही विचारलेलं नसतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाचशेचं. कर्वे रस्त्याच्या सिग्नलला पुढची पीएमपी धूर सोडत उभी राहिली की हा माणूस काच वर करतो आणि पृथ्वीच्या भवितव्यावर बोलू लागतो, स्वतःच्या म्हाताऱ्या डिझेल गाडीत बसून. बुकिंगची रक्कम भरली त्या क्षणी तो पर्यावरणवादी झालेला असतो. गाडी ही नंतरची औपचारिकता.

वाट बघण्याचं या गावाला नवल नाही. आकुर्डीच्या बजाजने १९७२ साली चेतक काढली आणि त्यानंतर किती तरी वर्षं चेतक घ्यायची म्हणजे आधी नंबर लावायचा. कोणत्या कारखान्याने किती स्कूटर बनवायच्या ते दिल्लीत ठरायचं. त्यामुळे आकुर्डीत बनणारी स्कूटर निगडीतल्या माणसालाही आठ-दहा वर्षांनी मिळायची. परदेशातल्या मेव्हण्याने डॉलरमध्ये पैसे भरले तर जरा लवकर. (मेव्हण्यांना तेवढा मान त्यानंतर कधी मिळालेला नाही.) नंबर लागलेला माणूस स्कूटर तशीच ‘ऑन’ घेऊन विकायचा, त्या पैशात घराला रंग काढायचा आणि पुन्हा रांगेत उभा राहायचा.

पुढे परवाने गेले, रांगा गेल्या, जुनी चेतकही गेली. २०२० च्या जानेवारीत ती विजेवर परत आली. आता कोण अडवणार? तर २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने मोटरला लागणाऱ्या दुर्मीळ मूलद्रव्यांच्या चुंबकांची निर्यात आवळली, आणि जुलैत राजीव बजाज यांनी ऑगस्ट हा शून्य उत्पादनाचा महिना ठरू शकतो असं जाहीरपणे सांगून टाकलं. आजोबांची चेतक दिल्लीने अडवली होती, नातवाची बीजिंगने. जागतिकीकरण म्हणतात ते हेच असावं.

चारचाकीवाल्यांची कथा आणखी रसाळ. अमेरिकेच्या टेस्लाने २०१६ साली हजार डॉलर घेऊन जगभर बुकिंग उघडलं, तेव्हा आपल्याकडच्याही काही उत्साही मंडळींनी पैसे भरले. नऊ वर्षांनी, २०२५ च्या मे महिन्यात, त्यांना पत्र आलं की पैसे परत घ्या. मधल्या काळात कंपनीने पुण्यात विमाननगरला कार्यालय थाटलं, तेव्हा इथले लोक सुखावले होते. शोरूम मात्र जुलैत मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलात. कारकुनी आमच्याकडे, काचेचं दालन त्यांच्याकडे. पेशवाई बुडाल्यापासून हे असंच चाललं आहे. पहिली गाडी सप्टेंबरात मिळाली ती खुद्द राज्याच्या परिवहन मंत्र्यांना. परिवहन खातं जनतेच्या चार पावलं पुढे असतं, याचा एवढा ढळढळीत पुरावा पूर्वी हाती आला नव्हता.

आणि अगदी घरच्या चाकणची गोष्ट घ्या. महिंद्रने २६ नोव्हेंबर २०२४ ला दोन विजेच्या गाड्या दाखवल्या. एकीचं नाव बीई ६ई. ‘६ई’ ही तर आमच्या विमानांची खूण, म्हणून इंडिगोवाले कोर्टात गेले आणि गाडी लोकांच्या दारात येण्याआधीच तिचं नाव नुसतं बीई ६ झालं. १४ फेब्रुवारी २०२५ ला बुकिंग उघडलं, पहिल्याच दिवशी दोन्ही मिळून ३०,१७९ नावं. एवढ्या गाड्या चाकणला बनायच्या आणि तिथून बाहेर पडायच्या. चाकणचा तळेगाव चौक ज्याने संध्याकाळी सहा वाजता पाहिला आहे, त्याला वेटिंगचं कारण चीनमध्ये शोधावं लागत नाही.

पण वाट बघणं जुनं आहे. नवं काय आहे, तर विमा.

आमच्या इमारतीतले एक काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे कोटेशन ते पंचांगासारखं बोट ठेवून वाचतात. (गाडी कुठल्या कंपनीची ते विचारू नका. काकांना आणखी गाड्या घ्यायच्या आहेत.) जीएसटी ५ टक्के, चांगलं. रोड टॅक्स शून्य, उत्तम. ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर लावायचं २०२५ च्या अर्थसंकल्पात आलं होतं, ते मुख्यमंत्र्यांनी त्याच महिन्यात मागे घेतलं, हेही काकांना तोंडपाठ. ऑगस्टपासून द्रुतगती मार्गावर टोलही माफ. सगळं माफ, गाडीचीच तेवढी खोटी! मग बोट विम्याच्या ओळीवर आलं आणि तिथेच थांबलं.

‘हे काय रे?’ काकांनी शोरूमच्या पोराला विचारलं.

‘सर, वन प्लस थ्री.’

म्हणजे स्वतःच्या नुकसानीचा विमा एक वर्षाचा आणि थर्ड पार्टीचा तीन वर्षांचा. यातली तीन वर्षांची अट सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून सगळ्याच नव्या मोटारींना लागू आहे, त्यामुळे इथे घासाघीस नाही. पेट्रोल गाडीचा थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो, विजेच्या गाडीचा किलोवॅटवर. २०२२ च्या जूनमध्ये लागू झालेल्या दरपत्रकात ६५ किलोवॅटच्या वरच्या गाडीला तीन वर्षांचे २०,९०७ रुपये आहेत, आणि यात पर्यावरणाबद्दलची १५ टक्के सवलत धरलेली आहे. जन्मभर सीसीत बोललेल्या माणसाला किलोवॅट म्हणजे गिझर. पण सवलत दिसली, काका शांत झाले. पुढची ओळ.

‘इंजिन प्रोटेक्ट?’

‘सर, पावसाळ्यात पाणी शिरलं की इंजिन सीझ होतं. पुण्यात तर घ्यायलाच पाहिजे.’

‘याला इंजिन आहे?’

पोराने मॅनेजरच्या केबिनकडे पाहिलं. केबिन रिकामी होती. ‘सर, ते पॅकेजमध्येच येतं.’

पाण्याचं तो काही खोटं बोलत नव्हता. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घुसलं, तेव्हा पार्किंगमधल्या गाड्यांना पळायलाही वेळ मिळाला नाही. विजेच्या गाडीची बॅटरी असते तळाशी आणि पुण्यात पाणी येतं तेही खालूनच. तेव्हा बॅटरीचं विचारणं भाग होतं. काकांनी विचारलं आणि खरी मौज तिथे निघाली. साध्या पॉलिसीत भाग बदलताना घसारा कापतात, त्याची एक जुनी यादी आहे. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर, ट्यूब, एअरबॅग आणि बॅटरी, यांना ५० टक्के कपात. ज्या काळात ही यादी झाली त्या काळी बॅटरी म्हणजे बॉनेटखालचा डबा, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर घालून घ्यायचा. आता आख्खी गाडीच बॅटरीवर उभी आहे. यादी मात्र जागची हललेली नाही.

‘म्हणजे गाडीतला सगळ्यात महाग भाग तुम्ही ट्यूबच्या शेजारी बसवलाय,’ काका म्हणाले.

‘म्हणून तर सर झिरो डेप घ्यायचं. आणि वर बॅटरी कव्हर वेगळं.’

विमा हा असाच विकतात. आधी पॉलिसीतली भोकं मोजून दाखवायची, मग एकेक भोक बुजवायचे पैसे घ्यायचे.

काकांचा हुकमाचा पत्ता पुढे होता, नो क्लेम बोनस. पाच वर्षं एकही क्लेम केला नाही तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते, आणि ही सूट गाडीची नसते, मालकाची असते. अस्सल पुणेकराने ही तरतूद वाचली तेव्हाच ठरवलं की आता क्लेम करायचा नाही. काकांच्या जुन्या गाडीच्या डाव्या दारावर लक्ष्मी रस्ता आहे, मागच्या बंपरवर मंडई आणि आरशावर लकडी पूल. एवढे घाव सोसले, कंपनीकडे हात पसरला नाही. तो सगळा त्याग वसूल करायची वेळ आली होती.

सूट नव्या गाडीवर घ्यायची तर जुनी विकल्याचा कागद लागतो. तो दाखवला की विमा कंपनी पत्र देते, ते तीन वर्षं चालतं. नवी गाडी आरटीओत नोंदवायची तर विमा आधी लागतो. शोरूममधून बाहेर काढायची तर हिरवी नंबरप्लेट बसलेली लागते, आणि ती नोंदणीशिवाय येत नाही. यातली प्रत्येक अट आपापल्या जागी शहाणी आहे. चौघी एकत्र आल्या की असं होतं : काकांनी जुनी गाडी विकली. पत्र मिळालं. त्याच्या आधारे पॉलिसी निघाली आणि त्याच मध्यरात्रीपासून विम्याचं वर्ष धावू लागलं. गाडी यार्डात, प्लास्टिकच्या वेष्टनात. आणि काका गेलेल्या गाडीचं प्रमाणपत्र व न आलेल्या गाडीची पॉलिसी एकाच फोल्डरमध्ये घालून, रिक्षावाल्याला ‘कोथरूड येणार का’ असं विचारत डेक्कनला उभे. तो येणार नव्हता.

बाहेरचा विमा एजंट स्वस्तात देत होता, हे राहिलंच. विमा कुणाकडून घ्यायचा हे गिऱ्हाइकाने ठरवायचं, शोरूमने सक्ती करायची नाही, असा नियम आहे, आणि शोरूमनेही तो अगदी मान्य केला. ‘घ्या ना सर बाहेरून, कंपल्शन नाही. मग डिलिव्हरीचं मात्र मला नक्की सांगता येणार नाही.’ पस्तीस वर्षं कर्जं मंजूर केलेल्या माणसाला या वाक्याची जात ठाऊक असते. त्यांनी शोरूमचाच घेतला. डिलिव्हरीचं तरीही नक्की सांगता आलं नाही.

मग काकांनी हप्त्याला ३६५ ने भागलं. रोज सकाळी वैशालीत कॉफी यायच्या आत ते शोरूमला फोन करत आणि आजची बुडालेली रक्कम कळवत. पोरगा आधी ‘सॉरी सर’ म्हणायचा, मग फोन उचलेनासा झाला.

आणि एक दिवस त्यानेच फोन केला. ‘सर, गाडी रेडी! उद्याच या!’

सप्टेंबर २०२५. उद्या म्हणजे पितृपक्षातली अष्टमी. त्यात पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २२ तारखेपासून, म्हणजे बरोब्बर घटस्थापनेला, उतरणार होता. छोट्या गाड्यांचा २८ चा १८ टक्के. दिल्लीची जीएसटी परिषद आणि दाते पंचांग यांचं इतकं एकमत क्वचितच झालं असेल. शोरूममध्ये चिटपाखरू नव्हतं. आपला ५ टक्क्यांचा इलेक्ट्रिकवाला तेवढा हाताशी.

‘माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही,’ काका म्हणाले. ‘पण हिचा आहे.’ ही पुण्यातल्या पुरोगाम्यांची ठरलेली चाल आहे.

‘मग घटस्थापनेला घेऊ,’ काकू म्हणाल्या.

‘मॅडम, त्या दिवशी सगळे स्लॉट फुल आहेत. डायरेक्ट दसऱ्याला.’

काकांनी मनातल्या मनात आणखी दोन-तीन आठवड्यांचा हप्ता मांडला. चेहरा उतरला.

‘एवढे पैसे भरलेत ना?’ काकू म्हणाल्या. ‘मग आधी बघा तरी, पॉलिसीत पितरांचं काही लिहिलंय का.’

काकांनी चष्मा लावून पॉलिसी वाचली. आग, स्फोट, वीज पडणे, चोरी, दंगल, संप, भूकंप, पूर, वादळ, दरड कोसळणे, दहशतवादी कृत्य, सगळं भरून मिळणार होतं. दारू पिऊन चालवली तर नाही, परवाना नसेल तर नाही. पितर कुठल्याच यादीत नव्हते. काकांनी हेल्पलाइन लावली, मराठीसाठी दोन दाबलं, बराच वेळ सनई ऐकली आणि शेवटी लाइनवर आलेल्या मुलीला शंका नीट समजावून सांगितली.

‘होल्ड करा हं सर,’ ती म्हणाली. मग पुन्हा सनई. मग ती परत आली. ‘सर, पितर ओन डॅमेजमध्ये नाही येणार. थर्ड पार्टीत बसतात का बघते. तुमच्याकडे त्यांचं मृत्यू प्रमाणपत्र आहे का?’