सहल म्हणायचं नाही!

म्युनिकला शिकायला गेलेल्या मुलांना पहिल्याच सत्रात नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा दाखवायला नेतात. याला सहल म्हणायचं नाही. हा ‘आंतरसांस्कृतिक अनुभव’ असतो. बसच्या मागच्या बाकांवर पुणे, नाशिक आणि सांगली एकत्र बसतात, भाकरवडीचं पाकीट फिरतं, अंताक्षरी सुरू होते आणि संस्कृतींची देवाणघेवाण फ्युसेन येईपर्यंत अखंड चालते. पुढच्या बाकावरचा कोरियाचा मुलगा तेवढा झोपून घेतो.

राजवाडा दिसतो मध्ययुगीन, पण दुसऱ्या लुडविग राजानं तो बांधायला घेतला १८६९ साली. म्हणजे आपल्या व्हीटीपेक्षा जेमतेम दहा वर्षांनी थोरला. राजाला एकांत हवा होता. १८८६ मध्ये तो वारला आणि काही आठवड्यांतच तिथं तिकीट लावून लोकांना आत सोडू लागले. सिंहासनाच्या दालनात सिंहासन नाही. ते कधी बनलंच नाही. या एका गोष्टीवर राज्यशास्त्राचं अख्खं सत्र निघालं असतं. पण आत फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे तिथं कुणी फारसं रेंगाळत नाही. अर्ध्या तासात सगळे बाहेर, आणि खरा अभ्यास सुरू होतो तो मारियन पुलावर: राजवाडा मागे, आपण पुढे, जाकीट उसनं.

पालकहो, तो फोटो तुमच्या मोबाइलवर आला असेलच. कौतुक जरूर करा, पण एकदा सिंहासन कसं होतं तेही विचारा.